गरीब घरातले मूल वर येते ते नेमके कशामुळे? वेगवेगळ्या राजकीय भूमिकांविषयी एक प्रश्न

प्रश्न : नीलमनगर

सर्वांना नमस्कार. निवडणूक जवळ आली की सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते दारावर येतात आणि गरिबांच्या मुलांना पुढे आणण्याचे आश्वासन देतात. आश्वासन सर्वांचे एकच असते, परंतु उपाय इतके निराळे असतात की ही माणसे एकाच प्रश्नाबद्दल बोलत आहेत की नाही, अशी शंका येते. कोणी पक्के घर देऊ म्हणतो, कोणी महिन्याला खात्यात पैसे जमा करू म्हणतो, कोणी आरक्षणाच्या रक्षणाची हमी देतो, तर कोणी सांगतो की उद्योग येऊ द्या, बाकीचे आपोआप होईल. मत कोणाला द्यावे हे मला विचारायचे नाही. या उपायांमागे गरिबीबद्दलची जी वेगवेगळी समजूत आहे, ती त्या त्या विचाराच्या माणसांकडून ऐकायची आहे.

प्रश्न किरकोळ नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या अहवालात असा अंदाज दिला होता की तळाच्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात आणि भारतात सात. जागतिक आर्थिक मंचाने २०२० साली काढलेल्या सामाजिक गतिशीलतेच्या क्रमवारीत ८२ देशांमध्ये आपण ७६ वे होतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून माझेच उदाहरण समोर ठेवते. वडील मिलमध्ये बदली कामगार होते, म्हणजे रोज दारावर उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असेल तरच त्या दिवशी काम मिळायचे. आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, अशी आम्ही चार भावंडे वाढलो. मी सोलापुरातच बी.कॉम. झाले, १९९० च्या दशकात राष्ट्रीयीकृत बँकेत इतर मागास वर्गाच्या जागेवर कारकून म्हणून लागले आणि आता अधिकारी म्हणून निवृत्तीला आले आहे. माझा सख्खा चुलत भाऊ त्याच वाड्यात वाढला, त्याच शाळेत गेला, जात तीच आणि बुद्धी माझ्यापेक्षा काकणभर सरसच. तो नववीत शाळा सोडून यंत्रमागावर गेला आणि आजही तिथेच आहे.

आपापल्या विचाराप्रमाणे आम्हा दोघांमधला हा फरक आपण कसा समजावून सांगाल, आणि आज आमच्या भागात नववीत शिकणाऱ्या विडी कामगाराच्या मुलीसाठी सरकारने पहिला रुपया कुठे खर्च करावा असे सांगाल?

उत्तर : यंत्रमागवाला

नीलमनगर ताई, मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा लहानसा कारखाना चालवतो, त्यामुळे आपल्या चुलत भावासारखी माणसे रोज माझ्यासमोर असतात. माझी भूमिका मोकळ्या बाजारपेठेची आहे आणि ती मला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेमुळे समजली. गरिबाला मदत करण्याआधी त्याच्या मानेवरचे ओझे काढा, असे त्या विचाराचे सार मी मानतो.

आपण वर आलात, कारण त्या काळात जागा निघत होत्या. आरक्षित जागेसाठी आधी जागा असावी लागते. ज्या गावात नवे काम निर्माण होत नाही, तिथे वर येण्याचा अर्थ इतकाच उरतो की एकाने चढायचे आणि दुसऱ्याने उतरायचे, आणि मग साहजिकच प्रत्येक जात दुसऱ्या जातीकडे संशयाने पाहते. आपल्या शहराचे नेमके हेच झाले. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा मिलमध्ये हजारो माणसे एका छताखाली काम करत होती. त्या बंद पडल्या आणि काम पत्र्याच्या लहान शेडमध्ये विखुरले गेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव झाले, पण कारखाने लहानच राहिले. याला अनेक कारणे आहेत, वीज आहे, भांडवल आहे, आम्हा कारखानदारांचा आळसही आहे. तथापि औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असले की कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, त्यामुळे वाढणे म्हणजे अडकणे असा हिशेब पिढ्यानपिढ्या पक्का झाला. नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा तीनशेवर गेली आहे, ती फार आधी जायला हवी होती. लहान शेडमध्ये मागवाला आयुष्यभर मागवालाच राहतो, कारण जॉबर म्हणजे मागांवरचा मुकादम होणे, पर्यवेक्षक होणे, कार्यालयात जाणे या पायऱ्याच तिथे नसतात.

सोलापूरची मुले पुण्याला जातात ती काही हौसेने नाही. त्यांनी आपले मत पायांनी दिलेले आहे. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी आणि विमानसेवा यांवरून आपण वर्षानुवर्षे भांडलो, २०२३ साली ती चिमणी पाडली गेली, तरीही इथे कोणते काम वाढणार यावर मात्र दोन्ही बाजूंनी फारसे कोणी बोलले नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

नववीतल्या मुलीसाठी पहिला रुपया मी तिच्या हातात देईन, शाळेच्या हातात नाही. फीची रक्कम पालकांना मिळाली आणि शाळा निवडण्याचा हक्क त्यांच्याकडे गेला तर शाळा सुधारतील, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ सालीच मांडली होती. शिक्षण हक्क कायद्यातील, खासगी शाळांत गरीब मुलांसाठी २५ टक्के जागांची तरतूद त्याच्या सर्वांत जवळ जाते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती नियम बदलून पातळ केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, ही चांगली गोष्ट झाली.

उत्तर : जुनीमिलचाळ

यंत्रमागवाले साहेब, ज्या बँकेत ताईंना जागा मिळाली ती बँक बाजाराने गरिबांच्या दारात आणलेली नव्हती. १९६९ साली १४ आणि १९८० साली ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर लहान गावांत आणि कामगार वस्त्यांत शाखा निघाल्या, आणि म्हणून कारकुनांच्या जागा निघाल्या. आपल्या युक्तिवादातला हा दुवा आपण गाळलात.

मी अनेक वर्षे कामगार संघटनेत आहे. आम्हा डाव्या विचाराच्या माणसांना खरे तर हा प्रश्नच थोडा तिरका वाटतो. एक मूल विडीच्या सुपातून उठून बँकेत गेले याचा आनंद आहेच, पण त्या सुपाशी जी हजारो माणसे बसून राहिली त्यांच्या मजुरीचे काय, हा आमचा पहिला प्रश्न असतो. वर येण्याची गरज इतकी जीवघेणी का वाटते, तर खाली राहणे इतके असह्य आहे म्हणून. खालच्या कामाला पोट भरेल अशी मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना आणि स्वतःचे छप्पर मिळाले तर मुले आपोआप अधिक शिकतात, कारण त्यांच्या कमाईवर घर अवलंबून राहत नाही.

विडी कामगारांच्या बाबतीत हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा होण्याआधी घरी पाने आणि तंबाखू नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानायचे की नाही, इथूनच वाद होता. मालक म्हणायचा, मी तिला कामावर ठेवलेलेच नाही. कायद्याने तिला ओळख दिली. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला, विड्यांवर उपकर बसला आणि त्यातून दवाखाने, घरबांधणीची मदत आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आजही पहिलीच्या मुलाला वर्षाला १,००० रुपयांपासून व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला २५,००० रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती त्या व्यवस्थेतून मिळते. मात्र २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला आणि कामगारांचा स्वतःचा असा हक्काचा निधी संपला. आता जे मिळते ते अर्थसंकल्पाच्या मर्जीवर मिळते. ताई, आपण पहिल्या रुपयाबद्दल विचारलेत. माझा पहिला रुपया तो निधी पुन्हा उभा करण्यासाठी जाईल.

घरांबद्दलही सांगतो, कारण शहरात त्यावर उलटसुलट बोलले जाते. कुंभारीजवळचे गोदूताई परुळेकर विडी घरकुल दहा हजार घरांचे आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, म्हणजे आमचे आडम मास्तर, यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिल्या आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे मिळाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. मागणी लाल बावट्याची, एकदा किल्ल्या काँग्रेसच्या पंतप्रधानांकडून आणि एकदा भाजपच्या. राजकीय विचार वेगळे असतात हे खरे, परंतु खालून रेटा असला की ते एकाच दारातून आत येतात.

उत्तर : यंत्रमागवाला

बँकांचा मुद्दा मान्य. पण कॉम्रेड, घरकुलाबद्दल एक शंका आहे, ती टीका म्हणून घेऊ नये. एकाच उत्पन्नाची, एकाच कामाची हजारो कुटुंबे शहराबाहेर एका जागी वसवली तर त्यांच्या मुलांच्या ओळखीपाळखी कोणाशी होणार? अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत एक प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या वस्तीत भाड्याने राहण्यासाठी मदत दिली गेली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या मुलांच्या कमाईचा माग काढला, तेव्हा तेरा वर्षांच्या आत स्थलांतर झालेली मुले मोठेपणी सुमारे एकतीस टक्के अधिक कमावत होती असे दिसले. मोठ्या वयात गेलेल्यांना तो लाभ झाला नाही. म्हणजे घर किती चौरस फुटांचे आहे यापेक्षा ते कोणाच्या शेजारी आहे, याला महत्त्व आहे.

उत्तर : जुनीमिलचाळ

शहरात ज्यांच्या शेजारी आपण त्यांना ठेवू इच्छिता, ते शेजारी त्यांना भाड्याने खोली देत होते का, हे आधी विचारावे. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे, भाडे थकले की सामान रस्त्यावर आणि दर दोन वर्षांनी मुलांची शाळा बदललेली, ही पर्यायी परिस्थिती होती. अमेरिकेतल्या त्या कुटुंबांना चांगल्या वस्तीचे भाडे सरकार भरत होते. इथे तशी योजना आपल्या विचाराच्या कोणी मांडली तर मी स्वतः सही करायला येतो. अंतराचा आणि बसचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही.

उत्तर : बुधवारपेठ

दोघांचेही वाचले. दोघांच्याही लिखाणात जात हा शब्द जवळजवळ नाही, हे नोंदवून सुरुवात करतो. मी माध्यमिक शिक्षक आहे आणि आंबेडकरी चळवळीत वाढलो आहे.

आपल्या शहराला या प्रश्नाचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले. सभेला करण्यासारखे शंभर उद्योग होते, तरी हायस्कूलच्या मुलांच्या जेवणाची, कपड्यांची आणि वह्यापुस्तकांची सोय तिने आधी केली, यात फार खोल समज आहे. मजुरी वाढवा म्हणजे मुले शिकतील, असे जुनीमिलचाळ म्हणतात. पण मिलमध्ये मजुरी मिळत होती तेव्हाही सर्व खाती सर्व जातींना खुली नव्हती. बाजार मोकळा करा म्हणजे जागा निघतील, असे यंत्रमागवाले म्हणतात. पण जागा निघाल्याची बातमी कोणाच्या कानावर आधी जाते, हे ओळखीपाळखीवर ठरते आणि ओळखी जातीच्या बाहेर फारशा जात नाहीत. मुलाला घरातून आणि वस्तीतून उचलून, जिथे दिवसभर अभ्यासाखेरीज दुसरे काम नाही अशा जागी ठेवणे, हा त्या काळचा उपाय होता आणि माझ्या मते आजही तो सर्वांत भरवशाचा आहे.

दुसरे उदाहरणही इथलेच आहे आणि ते नेमके उलटे आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले, त्यांची सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. त्या वसाहतीतील माणसांना मिलमध्ये काम मिळत होते, म्हणजे रोजगार होता, छप्पर होते, मुलांना शाळाही होती. नव्हते ते फक्त स्वातंत्र्य आणि माणूस म्हणून प्रतिष्ठा. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, तरी सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही पत्त्यावर लिहिले जाते आणि त्या पत्त्यावरून नोकरी मागायला गेलेल्या तरुणाला काय ऐकावे लागते, हे माझ्या माजी विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. रोजगार आणि घर एवढ्याने भागत असते तर हे घडले नसते.

आरक्षणाने काय साधले यावरही आकडे आहेत. अॅशर, नोवोसाद आणि राफकिन या अभ्यासकांनी भारतातील पितापुत्रांच्या शिक्षणाची तुलना करून दाखवले की तळाच्या घरातून वर येण्याची एकूण शक्यता अनेक दशकांत फारशी बदललेली नाही. मात्र अनुसूचित जातीजमातींच्या मुलांची शक्यता वाढली आणि मुस्लिम मुलांची घटली. सरासरी जागच्या जागी राहिली ती अशी. या शहरात मुस्लिम यंत्रमाग कामगारांची संख्या किती आहे हे आपण सर्व जाणतो, आणि त्यांच्याबद्दल कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता दारावर येऊन काही बोलत नाही.

अर्थात आरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांसमोरही अवघड प्रश्न आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला, म्हणजे त्यांच्या आरक्षणात अधिक मागे राहिलेल्या जातींसाठी वेगळा वाटा ठेवण्याला, परवानगी दिली, तेव्हा आमच्या बैठकांत मोठे वाद झाले. काहींना ती फूट वाटते. मला स्वतःला असे वाटते की जो समाज आपल्यापेक्षाही मागे राहिला, त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या जागाच कमी होत असताना त्यांचे भाग कसे करायचे यावर लढणे आणि खासगी क्षेत्राबद्दल गप्प बसणे, यात मात्र सर्वांची फसगत आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे सांगितले होते की महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. पहिला रुपया कुठे, याचे उत्तर तेव्हाच दिले गेलेले आहे.

उत्तर : भवानीपेठ

मी व्यवसायाने कर सल्लागार आहे आणि अंत्योदयाच्या, म्हणजे शेवटच्या माणसाला आधी वर आणण्याच्या, विचाराचा आहे, त्यामुळे इथे अल्पमतात असणार हे गृहीत धरतो.

वरच्या तिन्ही भूमिकांमध्ये कर्ता कोणीतरी बाहेरचा आहे: बाजार, संघटना किंवा राज्य. पूर्व भागातली माणसे तेलंगणातून हातात कला घेऊन आली आणि त्यांनी कोणाची वाट न पाहता स्वतःच्या शाळा, वाचनालये, पतसंस्था आणि मंगल कार्यालये उभी केली. कुटुंब आणि समाज हीच गरिबाची पहिली बँक असते. सरकारने त्या शक्तीला हात द्यावा, तिची जागा घेऊ नये. जनधन खाते, २०१५ पासूनचे मुद्रा कर्ज, २०२३ ची विश्वकर्मा योजना यांच्याकडे मी त्या दृष्टीने पाहतो. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपयेही थेट तिच्या खात्यात येतात, मध्ये कोणी मुकादम नाही. त्याला भीक म्हणणाऱ्यांनी एखाद्या बाईला त्या पैशांचे काय केले ते विचारून पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या दोघीजणींनी शिवणयंत्राचे हप्ते भरले.

नीलमनगर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या विस्ताराने कोणी लिहील असे वाटले नव्हते. आता काही माहिती देते, जी प्रश्नात मी मुद्दाम लिहिली नव्हती, कारण तिच्याशिवाय आपण काय म्हणता ते मला ऐकायचे होते.

आम्हा भावंडांत थोरली अक्का. ती सातवीनंतर घरी बसली, म्हणजे आईशेजारी सूप घेऊन बसली. दोघी मिळून हजार विड्या पुऱ्या करायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, छाटीत, म्हणजे खराब म्हणून बाद, किती गेल्या यावर घरात दिवसभराची मनःस्थिती ठरायची. माझी फी, माझी पुस्तके, स्पर्धा परीक्षेचे अर्ज आणि पुण्याला परीक्षेला जाण्याचे भाडे अक्काच्या विड्यांतून आले. आणि तो चुलत भाऊ, जो नववीत शाळा सोडून मागावर गेला, तो त्याच्या घरात थोरला होता. त्याचा धाकटा भाऊ आज हैदराबादला औषधांच्या कंपनीत चांगल्या पगारावर आहे. म्हणजे माझी तुलना त्याच्याशी नव्हतीच. माझी तुलना त्याच्या धाकट्या भावाशी, आणि त्याची आमच्या अक्काशी. दोन्ही घरांना एकेक मूल वर पाठवणे परवडले आणि त्याचा खर्च दुसऱ्या मुलाने भरला.

भवानीपेठ यांचे म्हणणे खरे आहे की कुटुंब हीच पहिली बँक. पण या बँकेत ठेव कोणाची आणि कर्ज कोणाला, हे कोणी विचारत नाही. माझी नोंद सरकारच्या, संघटनेच्या आणि समाजाच्या अशा तिन्ही यशोगाथांमध्ये होईल. अक्काची नोंद विडी कामगार अशी एका ओळीत. तिला आता भविष्यनिर्वाह निधीतून महिन्याला हजार रुपयांपेक्षा थोडे अधिक निवृत्तिवेतन मिळते, कारण २०१४ पासून किमान रक्कम हजार ठरली आहे. लाडक्या बहिणीचे मिळतात दीड हजार. चाळीस वर्षांहून अधिक काळ वळलेल्या विड्यांपेक्षा एका अर्जाचे मोल अधिक ठरले, याचा तिला राग येत नाही, मला येतो.

तेव्हा प्रश्न पुन्हा विचारते. नववीतल्या मुलीसाठी काय कराल हे कळले. सातवीत शाळा सोडू पाहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीसाठी काय कराल?

उत्तर : बुधवारपेठ

ताई, माझे वसतिगृह इथे कमी पडते, हे लगेच लक्षात आले. वसतिगृहात पाठवायचे मूलही घर निवडूनच पाठवते, आणि थोरली मुलगी त्या निवडीत क्वचितच येते.

एक कायदेशीर बाब सांगण्यासारखी आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात विडी वळणे हे मुलांना बंदी असलेले काम म्हणून होते. परंतु त्याच कायद्यात अशी सवलत होती की घरातील माणसांच्या मदतीने जे काम घरी चालते त्याला ही बंदी लागू नाही. सोलापुरात विडी वळली जाते ती घरीच. त्यामुळे कायदा ज्यांच्यासाठी होता, त्यांच्याच उंबऱ्यावर तो थांबला. राज्य सरकारने १९९२ पासून मागास घटकांतील गरीब मुलींना पहिली ते चौथीपर्यंत हजेरीसाठी दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. मी नोकरीला लागलो तेव्हाही मुली तो रुपया मोजून घ्यायच्या. पण गळती होते ती पाचवीनंतर, म्हणजे बोटे विडी वळण्याइतकी तयार होतात तेव्हा, आणि भत्ता नेमका त्याआधीच संपायचा.

उत्तर : यंत्रमागवाला

मेक्सिकोने १९९७ साली याच विचाराने एक योजना आणली होती. मूल शाळेत हजर असेल तर आईला रोख रक्कम, इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढत जाते, आणि माध्यमिक वर्गांत मुलींसाठी ती मुलांपेक्षा अधिक. मुलगी शाळेत गेल्यामुळे घराची जी कमाई बुडते ती भरून काढणे, असा सरळ हिशेब त्यामागे होता. माझ्यासारख्या बाजारवाद्यालाही त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. एकवीस वर्षांपुढच्या बहिणीला दीड हजार देण्याऐवजी सहावी ते बारावीच्या मुलीच्या हजेरीवर तेवढे दिले, तर अक्का शाळेत टिकली असती.

उत्तर : भवानीपेठ

बहिणीचे काढून मुलीला द्यावे, हे मला पटत नाही. त्या दीड हजारातून मुलीला शाळेत ठेवायचे की नाही हे आईला ठरवू द्या. अट आली की दाखला आला, दाखला आला की दलाल आला.

उत्तर : जुनीमिलचाळ

यावेळी मी भवानीपेठ यांच्या बाजूने आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. हजेरीची अट म्हणजे मुलगी आजारी पडली की घराचे पैसेही कापले जाणार. पण त्यांनी एवढे तरी मान्य करावे की आई तो निर्णय मोकळेपणाने घेऊ शकेल, अशी मजुरी तिला आधी मिळाली पाहिजे. आणि निवृत्तिवेतनाची किमान रक्कम वाढवावी ही मागणी अनेक वर्षे पडून आहे. अक्कांसाठी वेगळी योजना शोधत बसण्याआधी ती पूर्ण करावी. त्यात राजकीय विचारांचा प्रश्न कुठे येतो?

उत्तर : यंत्रमागवाला

येतो, कारण विडीचा खपच घटत जाणार आहे आणि कमी होत जाणाऱ्या धंद्यातून वाढती मजुरी कुठून काढणार, हे आपण सांगत नाही. भारताने २००४ साली तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार स्वीकारला, त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना दुसरे परवडणारे काम मिळवून द्यावे असे म्हटले आहे. ते काम इथे कोणते? माझ्या मते गणवेश शिवण्याचे. सोलापुरात तो धंदा वाढतो आहे आणि मी स्वतः गेल्या काही वर्षांत त्यात उतरलो आहे.

उत्तर : जुनीमिलचाळ

मजुरी नगावर देता की महिन्यावर?

उत्तर : यंत्रमागवाला

नगावर. महिन्यावर देण्याइतके काम वर्षभर हातात नसते, शाळा सुरू होण्याआधीचे चार महिने सोडले तर. भविष्यनिर्वाह निधी भरतो. कुंभारीकडून येणाऱ्या बायकांसाठी रिक्षा ठरवून दिली आहे, तिचे अर्धे भाडे मी देतो, कारण संध्याकाळी सातनंतर त्यांना परत जाण्याची सोय नसते आणि त्या कारणाने चांगल्या शिवणाऱ्या दोघी पुन्हा विड्यांकडे गेल्या. उरलेले अर्धे कोणी द्यावे यावर आपण आणि मी नक्की भांडू शकतो. रविवारी कारखाना बंद असतो, यायचे असेल तर या.